बाजाले पाडा

१२ मार्च १९७६, मालेगाव

एकतीस! अख्ख्या तंबूत एकतीस माणसं, अन् त्यातले चार झोपलेले! 'फौलादी बाज', त्या नकाबवाल्या हिरोचा पिच्चर, भाग चौथा. अरे, पहिल्या भागाले याच मालेगावात कनात फाटली होती, पोट्टे निंबावर चढून पाहत. अन् आता उकंडराव मालक मलेच झापते — "देवमन, मशीन नीट चालव, चित्र हालून राह्यलं." चित्र नाही हालत! पिच्चरच भंगार हाय.

१३ मार्च

मुंबईच्या कंपनीचं पत्र आलं. पाचवा भाग काढाचा हाय, पब्लिकले काय पाह्यजे ते तंबूवाल्यांनी कळवावं. मालक म्हणे, "दोन बाज टाका, सहा गाणे टाका, राक्षस डबल करा." डोस्कं फिरलं माह्यं. भाजी बिघडली म्हणून कोणी तिखट डबल करते काय?

वरून हेबी सांगतलं — पोहरादेवीच्या यात्रेत गर्दी नाही झाली तं तंबू विकून टाकतो. मंग मी काय करू? अकरा वर्षं झाले, मशीनशिवाय दुसरं काही येत नाही मले.

१७ मार्च

बायांच्या दारावर चंपाबाई तिकीट फाडते. चारही भाग तिले पाठ. तिले विचारलं, लोकं काहून येत नाहीत व? तंबाखू गालात सरकवून म्हणे, "पहिल्यात त्याले लागे, बापा. बुरजावरून पडला तं उठता येत नव्हतं. आता डोंगर पडो का गोळी लागो, नकाबबी सरकत नाही त्याचा. मंग आमी जीव कायले जाळाव?"

एवढंच! मुंबईच्या शहाण्याईले चार पिच्चर काढून नाही समजलं!

१८ मार्च

मालकाले सांगतलं. हसला. "तिकीट फाडणारी आता पिच्चर शिकवन!" जेवलो नाही.

२५ मार्च

केलं एकदाचं. आपलं मशीन एकच, एक रीळ संपलं का दिवे लावून दुसरं चढवा लागते. आजवर बाज जिंकला का रीळ संपे. लोकं बिडी प्याले बाहेर जात, ते तिकडूनच घरी. पहिल्या भागाचा पडण्याचा तुकडा पेटीत होता. तो चौथ्यात जोडला. बाज बुरजावरून सुटते, खाली आपटते, हात टेकते, उठता येत नाही — अन् तिथंच रीळ तोडलं. दिवे लावले.

एक माणूस जागचा हालला नाही.

मालक बोंबलला, "कंपनीचं रीळ कापलं! जेलात टाकतीन!" टाका म्हटलं.

६ एप्रिल, पोहरादेवी

तिन्ही खेळ फुल्ल! बाज पडला का बाया ओरडते, "माय व!" मालक आता माह्या खांद्यावर हात टाकून फिरते, अन् सांगते काय — रीळ तोडाची अक्कल त्याचीच! खोटारडा साला.

पण कंपनीले पत्र मी लिवलं. दोनच ओळी. बाजाले पाडा. पडणं खरं पाह्यजे, पहिल्या भागासारखं. सकाळीच टपालपेटीत टाकलं.

८ एप्रिल

मशीन पुसत होतो तं एक जण कुबडी टेकत आला. रामधन नाव, इथल्याच एका तांड्यावरचा. म्हणे, "बुरजावरून मी पडलो होतो. नकाबात मी होतो, हिरो खुर्चीवर बसला होता. दोर तुटला. कंपनीनं दवाखान्यात सोडलं, अन् मंग पुढच्या भागांत कोणालेच पाडलं नाही."

माह्या तोंडातून पत्राची गोष्ट निघून गेली. वाटलं, आता हा कुबडीच हाणते. हाणाले पाह्यजे होती.

तो जवळ सरकला. "दुसरं पत्र लिवता काय भाऊ? त्यात माह्यं नाव टाका. एकच पाय गेला. पडता येते मले अजून."