कुटुंबात आधी कोणाला होतं का?

माउंट रॉस्किल, ऑकलंड
१० फेब्रुवारी २०२६

ती. स्व. रमणदादास,
मुग्धाचा सा. न. वि. वि.

दर रविवारी व्हिडिओ कॉल होत असताना हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. पण कॉलवर तू दिसलास की मी हसते, आणि सांगायचं ते राहून जातं.

दादा, मला थायरॉईड नाही. सात वर्षं डिप्रेशन आहे. मनुरेवातल्या फार्मसीत मी रोज लोकांना ह्याच गोळ्या समजावून देते, यात लाजण्यासारखं काही नाही असं सांगते, आणि स्वतःच्या मात्र लांबच्या दुकानातून आणते, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. पाच प्रकारच्या गोळ्या झाल्या. मागच्या वर्षी आरवच्या शाळेच्या कार्यक्रमाला निघाले आणि कार्यक्रम संपेपर्यंत ड्राइव्हवेमध्येच गाडीत बसून राहिले. त्याला ट्रॅफिकचं कारण सांगितलं.

आता माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाई एक नवा उपचार सुचवताहेत. एका जातीच्या अळंबीत भास घडवणारं द्रव्य असतं, ते मोजून आणि देखरेखीखाली देतात. इथे फार थोड्या डॉक्टरांना तशी परवानगी आहे. आधी तयारीच्या भेटी, मग एक अख्खा दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहायचं, त्यांची दोन माणसं शेजारी बसून असतात. नंतर जे दिसलं, आठवलं त्यावर बोलायचं. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण माझ्याकडे आता फारसं काही उरलेलं नाही.

त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे. आईवडील, भावंडं यांच्यापैकी कोणाला आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं, असं काही होतं का? असलं तर हे औषध देत नाहीत. मी पाच वर्षांची असताना आई आठ महिने घरी नव्हती. छातीचं दुखणं होतं, असं तुम्ही सांगत आलात. तेच ना? विचारावं असं तुझ्याशिवाय आता कोणी नाही.

समीर आणि आरव मजेत आहेत. हे वाचूनही लहान बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुग्धा

चिंचवड
३ मार्च २०२६

चि. सौ. मुग्धास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. इतकी वर्षं एकटीने ओढलंस आणि आम्हाला थायरॉईडच्या बाता मारल्यास, यावर समोर आलीस की कान धरीन. लहानपणी कुत्र्याच्या छत्र्या लाथेने उडवत शाळेत जायचीस, आता त्याच औषध म्हणून घेणार. डॉक्टर शहाणे असतील तर घे बापडी.

आईला छातीचंच दुखणं होतं. हवापालटासाठी ठेवली होती. आपल्या घरात डोक्याचं कोणाला काही नाही. बिनदिक्कत 'नाही' लिही.

आमच्या सिद्धीचं लग्न जुळत आलंय, मंडळी चांगली आहेत. तेव्हा हा विषय आपल्या दोघांतच राहू दे. तुझ्या स्नेहलतावहिनीलाही बोललो नाही. पत्र वाचून फाडून टाकलं, राग मानू नकोस.

मेतकूट पाठवतोय. जेवत जा. तुझ्या पत्राची वाट बघत असतो, एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
रमणदादा

माउंट रॉस्किल
२९ मार्च २०२६

ती. स्व. रमणदादास,
मुग्धाचा सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दावर फॉर्म भरला. सहा मेची तारीख मिळाली आहे. समीरने रजा टाकली आहे, त्या दिवशी मला घरी आणायला माणूस लागतो.

तयारीच्या भेटींना अरोहा नावाची माओरी नर्स असते. मी सारखी खाली बघून बोलते, हे तिने पहिल्याच दिवशी हेरलं. त्यांच्यात या लाजेला 'फाकामा' म्हणतात, असं तिने सांगितलं. लहानपणी तिच्या आजोबांना फाकामा झाला की ते जेवायच्या टेबलावर येत नसत, आणि कोणी तरी जाऊन नुसतं त्यांच्याजवळ बसायचं. मीही तशी बसणार आहे, म्हणाली.

आरवला खरं सांगितलं. तो इंग्रजीत एवढंच म्हणाला की ट्रॅफिक नव्हतं हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मला तोंड वर करवेना. पण दादा, खूप दिवसांनी एखाद्या तारखेची वाट बघते आहे.

वहिनींना नमस्कार. तुझा आशीर्वाद त्या दिवशी जवळ असू दे.

तुझी,
मुग्धा

चिंचवड
२ मे २०२६

चि. सौ. मुग्धास,
अ. उ. आ.

हे लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय, पोस्टाला वेळ नाही. ते औषध घेऊ नकोस. आधी हे वाच.

आईला छातीचं दुखणं नव्हतं. शेजारचे आपल्या पाण्यात विष कालवतात, असं तिच्या मनाने घेतलं होतं. भिंतीतून त्यांची बोलणी ऐकू यायची. पिंप ओतून टाकायची, तुला पाणी पिऊ द्यायची नाही. एक दिवस तू तापाने निपचित पडलीस आणि तरी ती पाण्याचं भांडं हातातून सोडेना. तेव्हा बाबांनी आणि मी तिला रिक्षात घालून मनोरुग्णालयात नेली. सही बाबांची, पण आईचे हात धरून मी बसलो होतो. शॉक दिल्यावर तिला गुण आला. पुढे मरेपर्यंत ज्या 'शक्तीच्या गोळ्या' घ्यायची, त्या त्याच आजाराच्या होत्या.

तुला 'नाही' लिहायला सांगितलं ते सिद्धीच्या लग्नासाठी. निदान तसं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे चाळीस वर्षं 'नाही'च म्हणत आलो, जीभ सरावली होती. काल सिद्धीकडून त्या औषधाची माहिती वाचून घेतली, कोणासाठी ते न सांगता. अशा घरातल्या माणसाचं डोकं त्याने कायमचं बिघडू शकतं, असं त्यात होतं. तू लिहिलं होतंसच, तरी मी तुला त्यात ढकलत होतो.

डॉक्टरांना हे आजच दाखव. आणखी काय लिहू.

रमण

माउंट रॉस्किल
२१ जून २०२६

रमणदादास,
नमस्कार.

सात रविवार फोन उचलला नाही. उचलला असता तर जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं.

उपचार रद्द झाला. तुझं पत्र मी डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं, शब्दाशब्दाला इंग्रजी करत. त्या रागावल्या नाहीत, वेळेवर सांगितल्याबद्दल त्यांनी आभारच मानले. मी फार्मासिस्ट असून फॉर्मवर खोटं लिहिलं गेलं, याने मला तिथल्या खुर्चीत बसवेना. अरोहा मात्र माझ्याबरोबर पार्किंगपर्यंत आली आणि समीर येईपर्यंत उभी राहिली.

आईला कशाने गुण आला, हे बाईंनी मुद्दाम विचारलं. शॉकने, हे तू लिहिलं होतंस. इथे भूल देऊन तेच देतात, आणि माझ्यासारख्यांना त्याचा उपयोग होतो म्हणाल्या. मी घाबरले, मग हो म्हटलं. नऊ शॉक झाले. गोष्टी विसरते, कालचं जेवण आठवत नाही. पण परवा आरव पोहायला जाताना टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, विसरला आणि मी त्याच्यावर चांगलीच ओरडले. घरी आल्यावर लक्षात आलं की मला राग आला होता. कित्येक वर्षांत नुसता रागसुद्धा आला नव्हता.

तुझ्यावरचा गेलेला नाही. तरी एक विचारते, कारण सांगणारा तूच आहेस. त्या आठ महिन्यांत तू आईला भेटायला जात असशील. ती माझं नाव काढायची का?

मुग्धा

चिंचवड
९ जुलै २०२६

चि. सौ. मुग्धास,
अ. उ. आ.

मी एकदाच गेलो.

रुग्णालयाच्या दारात आमच्या कॉलेजचे एक सर भेटले. कोणाला भेटायला आलास, म्हणून त्यांनी विचारलं. तेवढ्यात आई व्हरांड्यातून मला हाक मारत आली. केस बारीक कापलेले, अंगावर तिथलं लुगडं. मी सरांना म्हणालो की कोणालाच नाही, पत्ता चुकून आत आलो. आणि फाटकाकडे वळलो. मागून ती विचारत होती, मुग्धाला आणलंस का. दोनदा विचारलं. मी मागे पाहिलं नाही.

ती बरी होऊन आल्यावर एकोणीस वर्षं आपल्यात होती. या गोष्टीबद्दल एकदाही बोलली नाही. तिला ते आठवत नसेल, असं मी धरून चाललो. शॉकने माणूस विसरतो, हे तेव्हा मला फार सोयीचं वाटलं होतं.

काल स्नेहलताला, सिद्धीला आणि तिच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांना समोर बसवून आईचं सगळं सांगितलं, हे फाटकाजवळचं सोडून. ते फक्त तुला लिहितोय. मंडळी कळवतो म्हणून गेली आहेत. सिद्धी माझ्याशी बोलत नाही. आजीबद्दल आपल्याला आधी का सांगितलं नाही, एवढंच तिने विचारलं.

तू मागितलंस ते एवढंच आहे माझ्यापाशी. आईने तुझं नाव काढलं होतं. ऐकणारा मी होतो.

रविवारी फोन करीन. लोभ मागायला तोंड नाही, वाटलं तर उचल.

रमणदादा