देवमाशाचा गुरुवार

सोमवार, ४ मे

ड्रायव्हर-कंडक्टर बंधूंनो आणि भगिनींनो — नव्या वेळापत्रकाने ज्यांना शेवटच्या थांब्यावर लघवीला जाऊन येण्याइतकाही वेळ ठेवलेला नाही, अशा तुम्हा सगळ्यांना मी विचारते, आपण माणसं आहोत की गाडीचे सुटे भाग?

हे उद्या डेपोच्या गेटवर म्हणायचं आहे. वही उघडली आणि हात आपोआप तेच लिहायला लागला. इथे ना गेट, ना माईक, समोर कुणी नाही. तरी माझी वाक्यं आपली उभी राहूनच बोलतात.

खरी गोष्ट वेगळी आहे. कोर्टाने दिवस दिला! गुरुवार, १४ तारीख. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत ठकी माझी. घटस्फोटानंतर पहिल्यांदा आम्ही मायलेकी कोर्टातल्या त्या भेटीच्या खोलीच्या बाहेर. हिरवी भिंत, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात समुपदेशक बाई — आमच्याकडे बघत नसल्याचं दाखवत सारखी आमच्याकडेच बघणारी.

ठकीच्या वडिलांच्या वकिलाने खुसपट काढलं. 'यांच्याकडे वाहन नाही, मुलीला नेणार कशाने?' मी उठलेच. म्हटलं, या शहरातल्या निम्म्या आया मुलांना बसने नेतात, त्या आया नाहीत का? मी स्वतः कंडक्टर आहे, बससारखं भरवशाचं वाहन इथे दुसरं नाही. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. 'बरं. मग बसनेच न्या. आणि वेळेत परत आणा.' तसं लिहूनही टाकलं.

जूनमध्ये ठकीच्या वडिलांची बदली आहे. तिला घेऊन जाणार. हा दिवस नीट पार पडला तर शाळेच्या सुट्ट्यांत ठकी माझ्याकडे राहील. उशीर झाला तर पुन्हा ती खोली — आणि तीही परक्या शहरातली.

ठकीला म्युझियममधल्या देवमाशाचा सांगाडा बघायचा आहे. मागच्या भेटीत विचारत होती, 'आई, त्याच्या बरगड्यांत माणूस उभा राहू शकतो?'

मंगळवार, ५ मे

माझ्या एका रूटवर मी डोळे मिटून तिकिटं फाडते, पण म्युझियम पडलं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडच्या गाड्यांचं मला काही ठाऊक नाही. मग काय, ज्याला-त्याला विचारत सुटले. कुठली गाडी थेट जाते? बदलायची तर कुठल्या चौकात? कुठल्या सीटवर पोटात कमी ढवळतं? वाटेत बायकांसाठी स्वच्छ जागा कुठे?

माझ्या गाडीचा ड्रायव्हर — सगळा डेपो त्याला मामा म्हणतो — आरशातून बघत म्हणाला, "म्युझियमला चाललात? सांभाळा. तिथले लोक तुम्हाला ठेवून घेतील काचेच्या कपाटात. खाली पाटी — 'न थकता बोलणारी बाई.'"

"तुमची पाटी आधी लागेल, मामा. 'न ओरडता गाडी चालवणारा ड्रायव्हर.' दुर्मिळ आहे."

"पण कशाला जाताय म्हणे?"

"सहज."

कारण कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. दुसऱ्यांच्या घरातलं दुःख मी गेटवर गळा फाटेपर्यंत सांगते. माझं सांगायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.

गुरुवार, ७ मे

सुट्टी घेऊन एकटीने सगळा रस्ता करून आले. रंगीत तालीम!

पहिली गाडी ठीक. चौकात बदलताना रस्ता ओलांडावा लागतो, तिथला सिग्नल बिघडलेला. तिचा हात घट्ट धरायचा. धरू देईल का? दहा वर्षांची आहे, कदाचित झटकेल. दुसऱ्या गाडीत मागच्या सीटा उडतात. पुढे बसायचं, डावीकडे, खिडकी तिला.

म्युझियमच्या दारातल्या रखवालदाराला विचारलं, देवमासा कुठे? "वर. छताला टांगलाय. सगळे मान वर करून बघतात आणि पायरी चुकतात. तुम्ही तरी चुकू नका." मी वर गेलेच नाही. तिच्याबरोबर पहिल्यांदा बघायचा म्हणून दारातूनच परत फिरले.

येताना खिडकीला डोकं टेकून बसले होते. प्रवाशासारखी. किती वर्षांनी!

शुक्रवार, ८ मे

ठकीचा फोन. "डबा तू करणार की विकत घ्यायचं? तू केलास तर मीठ बघून घाल." तिच्या आवाजात माझाच खवचटपणा आहे. कुणी शिकवला नसेल तर रक्तातूनच गेला असणार.

शनिवार, ९ मे

संपाची तारीख ठरली. गुरुवार, १४.

युनियनच्या खोलीत आम्ही सातजण. पंखा बंद, दार बंद. चिटणीस टेबलावर बोट आपटत म्हणाला, "शुक्रवारी अर्धे रूट ठेकेदाराला द्यायच्या कागदावर सह्या होणार. त्याच्या आदल्या पहाटे आपण गेट धरायचं. त्याचे ड्रायव्हर तयार बसलेत, नाहीत त्या फक्त गाड्या. गाड्या डेपोत अडकल्या तर आपण जिंकलो. गाड्या बाहेर गेल्या तर आपण संपलो. म्हणून बातमी फुटायच्या आत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मंगळवारच्या सर्वसाधारण सभेत हे मांडायचं काम नेहमीप्रमाणे माझं.

मी मान हलवली. हो म्हटलं. नुसतं हो! या संपासाठी मी स्वतः महिनोन्‌महिने घसा कोरडा केला आहे. जगभरच्या संपांवरची पुस्तकं वाचून टाचणं काढली आहेत. कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही की आपलाच संप आपल्याच मुलीच्या वाटेत आडवा आला तर काय करायचं.

रविवार, १० मे

ठकीच्या वडिलांना फोन केला. एक दिवस मागे-पुढे करता येईल का, बुधवारी नेते तिला.

"का? पुन्हा मोर्चा आहे का तुझा?"

"काम निघालंय."

"तुझं काम नेहमीच निघतं. हे बघ, मी वाईट माणूस नाही. पण ती पिशवी भरून बसली आहे, गुरुवार-गुरुवार करतेय. बुधवारी तिचं दातांच्या डॉक्टरांकडे आहे, शुक्रवारी पहाटे आम्ही आजीकडे निघतोय. गुरुवारी जमत नसेल तर तसं वकिलांना कळव."

तसं कळवलं की संपलं. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, भांडायला धार आली असती. तो फक्त कंटाळला होता.

टॅक्सी करावी? कोर्टाने बस लिहिली आहे, आणि तीही माझ्याच वक्तृत्वाच्या कृपेने. शिवाय संपाच्या दिवशी मी टॅक्सीतून म्युझियमला! गेटवर बाकीचे लाठ्या खात असताना मी देवमासा बघत असेन.

आणि मी गेटवर राहिले तर ठकी पिशवी घेऊन दारात उभी असेल.

सोमवार, ११ मे

तिकिटं चुकीची फाडली. एका म्हाताऱ्याला उतरायच्या आधीच बेल दिली. मामा म्हणाला, "बाई, तब्येत?" म्हटलं, ऊन.

मंगळवार, १२ मे

करून बसले.

सभा भरली. गॅरेजच्या शेडमध्ये, माणसं गाड्यांच्या टपांवरसुद्धा. चिटणिसाने माईक माझ्या हातात दिला. मी गुरुवार म्हणायला उभी राहिले आणि शुक्रवार म्हणून खाली बसले.

काय नाही बोलले! गुरुवारी मोठ्या दवाखान्यात लहान मुलांची तपासणी असते. वस्त्यावस्त्यांतून बाया पोरांना कडेवर घेऊन आपल्याच गाड्यांनी येतात. त्या बाईला आपण भर उन्हात थांब्यावर उभी ठेवणार? तिचा शाप घेऊन लढणार? एक दिवस थांबा. शुक्रवारी सह्या व्हायच्या त्याच पहाटे गेट धरू, घाव वर्मी बसेल. चिटणीस मधेच म्हणाला, "बातमी फुटेल." मी त्याच्याकडे बोट केलं. "आपल्यात फितूर आहे असं म्हणायचंय तुम्हाला?" मी त्याला गप्प केलं. माझ्या सर्वांत जुन्या सोबत्याला!

एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त वाईट. दवाखाना खरा, बाया खऱ्या, कडेवरची पोरं खरी. त्या सगळ्यांना मी माझ्या एका पोरीपुढे उभं केलं, तिला झाकायला.

हात वर करा म्हटलं. आधी मामाचा गेला. मग शेडभर हात. एक दिवस पुढे. टाळ्या मात्र फारशा झाल्या नाहीत. बरंच झालं.



गुरुवार, १४ मे

सगळं लिहायचं आहे. नीट, क्रमाने.

ठकी दारात उभी होती, केस दोन बाजूंना बांधलेले. तिचे वडील म्हणाले, "सहा." मी म्हटलं, "सहा." चौकात मी हात पुढे केला तर तिनेच आधी धरला. म्हणाली, "तुला भीती वाटतेय ना?"

गाडीत खिडकी तिची. तिकीट मी काढलं तर कंडक्टर हसला, "बाई, तुमच्याकडून कसले पैसे!" ठकी कडक आवाजात म्हणाली, "घ्या. नाहीतर आईला मेमो मिळेल." सगळी गाडी हसली. मीही. किती दिवसांनी तोंडाचे स्नायू दुखले.

देवमासा. जिन्यावर आम्ही दोघीही पायरी चुकलो. वर तो पांढरा, लांबलचक, दोरांवर टांगलेला, पोट नसलेला पोटाचा आकार. ठकी त्याच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली. मान मागे टाकून बरगड्या मोजल्या. मग म्हणाली, "आई, हा एवढा मोठा, तरी याच्या घशातून मी जाणार नाही. शाळेत सांगितलं, याचा घसा लहान असतो. तुझ्या उलट." तिथल्या बाकावर डबा खायला बंदी होती. बाहेर पायऱ्यांवर बसून खाल्ला. मीठ जास्त झालं होतं. तिने सगळा संपवला.

परत येताना. चौकाच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली. समोरून एकामागून एक बसेस येत होत्या. पाट्या नाहीत, दिवे नाहीत.

"आई, या गाड्यांत कुणीच का नाही?"

मी बघितलं. तिसरी गाडी माझी होती. मागचा पत्रा दबलेला, तो मामाच्या हातून खांबाला लागला तेव्हाचा. चालवणारा अनोळखी, गणवेश नाही. दुपारी शिफ्ट बदलताना आत लागलेल्या आमच्या डेपोच्या गाड्या ठेकेदाराची माणसं शहराबाहेर काढत होती. बातमी फुटली होती.

चिटणिसाला फोन लावला. "आम्हालाही आत्ताच कळलं," तो धापा टाकत होता. "निम्म्या अजून आत आहेत. गेटवर माणसं गोळा होतायत, पण गोंधळलेली. तू ये. तू बोललीस तर गाड्यांपुढे आडवे पडतील."

डेपोकडे जाणारी गाडी पुढच्याच थांब्यावर मिळते. तिथे उतरले असते तर पोचले असते. ठकीला घेऊन, पोलिसांच्या समोर. आणि सहा कधीच टळून गेले असते.

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बरं. सावकाश जा."

थांबा आला. थांबा गेला. ठकी माझ्या दंडाला डोकं लावून झोपली होती. मी हलले नाही. सहाच्या आधी तिच्या दारात होते.

शुक्रवार, १५ मे

संप पहिल्या तासात मोडला. आम्ही रिकाम्या डेपोचं गेट धरून उभे होतो आणि आमच्याच गाड्या ठेकेदाराची माणसं घेऊन समोरच्या रस्त्याने गेल्या. मामा पहिल्या गाडीपुढे आडवा झाला. चार पोलिसांनी उचलून कडेला ठेवला, एखादं कपाट उचलावं तसा. दुपारी आमच्याकडे उरलेल्या अर्ध्या रूटच्या गाड्या डेपोत परत आल्या, आणि नोटीसही. मामा सस्पेंड. निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही त्याचं.

गेटवरच मोबाइल वाजला. ठकीच्या वडिलांचा निरोप. 'वेळेत आणलंस, धन्यवाद. खूप खूश आहे. सुट्ट्यांबद्दल माझी हरकत नाही, वकिलांना सांगितलंय.'

मी तो त्या गर्दीत, मामाची चप्पल हातात धरून वाचला.

शनिवार, १६ मे

उद्या सभा. सांगायचं ठरवलं. दवाखान्याचं नाव पुढे करून मी माझ्या पोरीसाठी तुमचा दिवस चोरला, मला काढून टाका. वाक्यं जुळवत बसले. प्रत्येक वाक्य भाषण होतंय. फाडली सगळी.

रविवार, १७ मे

मी उभी राहिले. "मंगळवारी मी तुम्हाला फसवलं," एवढंच म्हटलं आणि मामा पुढून ओरडला, "बसा हो बाई! सीट कुठली, पोट कुठे ढवळत नाही, मुलीच्या जातीला वाटेत जागा कुठे — सगळ्या डेपोला विचारत फिरलात, चौदाची रजा टाकलीत आणि वर 'सहज' म्हणे. आम्ही काय बहिरे आहोत? चिटणिसाने संपाची तारीख कानावर घातली तेव्हाच आम्ही बोललो आपसात. चिटणीससुद्धा, कुरकुरत का होईना. पोरीला दिवस द्यायचा ठरलं होतं. तुमचं ते दवाखान्याचं कुणी ऐकलंसुद्धा नाही." शेडभर माना हलल्या. चिटणीस खाली बघत होता.

माझ्या बोलण्याने एकही हात वर गेला नव्हता.

मग माईक घेतला. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण:

बंधूंनो, भगिनींनो, उद्या पहाटे ड्युटीच्या वेळेला गेटवर या, आणि मामांना आत घेतल्याशिवाय एकाही गाडीत पाय ठेवू नका.