साहेबाचा खाऊ

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे, पण रागावून केलेला. फोनवर विषय काढला की तुम्हाला नेमकं ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

साहेबाचं वजन चार महिन्यांत पाच किलोंनी वाढलंय. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, हा कुत्रा आहे की लोड? पुलाच्या कामावर निघताना मी फ्रिजवर यादी चिकटवून आले होते. गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेला भोपळा, तेही थोडंथोडं. काय अजिबात द्यायचं नाही, तेही खाली लिहिलंय. आणि वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सांगतात, सकाळच्या चहाला तुम्ही तीन बिस्किटं खाता आणि साहेब पाच. काय म्हणावं तुम्हाला?

अजून तरी लोभ टिकवून असलेली,
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, शिंपीणबाईंना मात्र एकही नाही. तुझं गाजर साहेब तोंडात धरून सोफ्याखाली ठेवून येतो. काकडी पुढे केली की माझ्याकडे असा बघतो, जणू मीच गुन्हा केलाय. तरी बिस्किटं बंद केली. आज सकाळी त्याऐवजी मूठभर मनुका दिल्या. फळं चालतात असं जाताना तूच म्हणाली होतीस. मिटक्या मारत खाल्ल्या. आता तरी खूश हो.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, पेन बिघडलंय. दोघांवर लोभ असू दे.
बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
तुमच्या पत्राआधी शिंपीणबाईंचा फोन आला. साहेब ओकायला लागल्यावर त्यांनी त्याला चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं नसतं, तर आज मी काय लिहीत असते कोण जाणे. मनुका आणि द्राक्षं कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. यादीत ते तांबड्या शाईनं लिहून दोनदा अधोरेखित केलंय. अजून काय करायला हवं होतं, पाटी गळ्यात बांधायची? तिकडे त्याला सलाइन लावलंय, इकडे माझी खांबांची मापं चुकताहेत, आणि मे उजाडेपर्यंत सुट्टी नाही.

एकच सांगा, आडवळण न घेता. यादी वाचली होती की नाही?
ठमी

१७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद. साहेब काल घरी आला. रक्ताची तपासणी चांगली आलीय, मूत्रपिंडं वाचली. डॉक्टर मला रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

यादी वाचली नव्हती. वाचता आली नाही. फ्रिजवर मला नुसता पांढरा चौकोन दिसतो, आणि तो काढून भिंगाखाली धरायचं सुचलं नाही. गुडघ्यांमुळे घड्याळांचं दुकान बंद केलं असं तुला सांगितलं, ते खोटं. एका गिऱ्हाईकाचं घड्याळ उघडलं आणि आतली केसाएवढी स्प्रिंग कुठे गेली ते दिसेना. चाळीस वर्षं डोळ्यांच्या जोरावर जगलेल्या माणसानं पोरीला हे कसं सांगायचं? तुझी पत्रं दुकानातलं भिंग लावून एकेक शब्द करत वाचतो. तुझा राग पुरता समजायला दोन दिवस लागतात.
बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
आधी मनुकांसाठी रागावले होते, आता डोळ्यांसाठी. शिंपीणबाईंनी डोळ्यांच्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतलीय. नको म्हणालात, तर तुम्हालाही चादरीत गुंडाळून न्यायची परवानगी मी त्यांना दिलीय. तोवर साहेबाच्या तोंडात काहीही घालायचं ते त्यांना विचारून.

राग आणि लोभ दोन्ही कायम,
ठमी

१९ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद. मोतीबिंदूच निघाला. उजव्या डोळ्याचं झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात. पट्टी काढून घरी आलो तर भिंती मळलेल्या, आणि माझ्या शर्टाला दोन बटणं भलत्याच रंगाची. इतके दिवस बोलला का नाहीत, विचारलं, तर शिंपीणबाईंना म्हणे ती फॅशन वाटली.

साहेब भोपळा खायला लागलाय. आज तो भरवताना त्याचं तोंड जवळून पाहिलं. हनुवटी पांढरी, भुवयासुद्धा पांढऱ्या. माझ्या डोक्यात तो अजून काळाभोरच होता. बराच वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो.

मे महिन्यात येशील, तेव्हा केस रंगवून येऊ नकोस. माझं बरंच बघायचं राहून गेलंय.
बाबा