अकरा मदर आणि सात खोके

९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय ताई,

ठमीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. समास सोडून लिहिते आहे. शाळेत तूच मला पट्टीने आखून द्यायचीस.

इथे सगळं ठीक. ठीक कसलं, नुसता वैताग आहे. एकतीस तारखेला शाळेच्या मदरांच्या पत्रांवरचा प्रबंध द्यायचा आणि संदर्भसूची अजून उभी नाही. संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर निवडण्यातच माझा दीड महिना गेला. पहिलं सूनबाईने घालून दिलं. तळटीपा सुरेख टाकायचं, पण उघडायला इतका वेळ घ्यायचं की तोवर माझी भाजी निवडून व्हायची. मग विद्यापीठाच्या विभागातला तो दाढीवाला म्हणाला, "बाई, ते सोडा, सगळे हेच वापरतात." म्हणून ते घेतलं. त्याला छापील पुस्तकं कळतात, हाताने लिहिलेली पत्रं कळत नाहीत. प्रत्येक पत्राला प्रकाशकाचं नाव विचारतं! आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या मुख्य मदरनी खोलीत बसून स्वतःच्या घरी पत्र लिहिलं, त्याचा प्रकाशक मी कुठून आणू?

शेवटी सगळं तिसऱ्यात हलवलं आणि तिथे कहर झाला. त्याने 'मदर' हे आडनाव धरलं. वर मला विचारलं, एकसारख्या नोंदी एकत्र करू का? मला वाटलं, बरंच आहे, आवराआवर होईल. 'हो' दाबलं. ताई, शाळेच्या अकरा मदर होत्या, एक उरली. ती बिचारी एकटी एकशेचाळीस वर्षं पत्रं लिहिते आहे.

सूनबाई आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, आधीची प्रत ठेवली होतीत ना?"

"नाही गं."

"मग मावशींनी लिहिलेली संदर्भांची कार्डं?"

"ती ताईकडे आहेत."

ती ओट्याकडे वळली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली.

तुला वाटेल, ठमीला कार्डं हवीत म्हणून पत्र आलं. तसं नाही. म्हणजे तसंही आहे. पण सांगायचं वेगळंच आहे आणि मघापासून मी सॉफ्टवेअरच्या आड लपते आहे.

जूनमध्ये मार्गदर्शक बाई घरी आल्या होत्या. तू खिडकीशी खोके घेऊन कार्डं लावत बसली होतीस. त्यांनी तिसऱ्या प्रकरणातल्या एका तळटीपेवर बोट ठेवलं. "हे पत्र थोरल्या मदरचं नाही, धाकटीचं आहे. एकाच नावाच्या दोघी, पण माणसं वेगळी. पानही चुकलंय." आणि मी पटकन म्हणाले, "कार्डं ताईने लिहिलीत. तिला हल्ली नीट दिसत नाही."

तू वर पाहिलंस. हातातलं कार्ड तेवढं जागेवर लावलंस. दुसऱ्या दिवशी टॅक्सी बोलावून कार्डं भरलेले बुटांचे सातही खोके घेऊन गेलीस. "दिसत नाही तर चुका वाढतील," एवढंच म्हणालीस. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं तू माझ्यासाठी ती कार्डं लिहीत होतीस, आणि मी दारात उभं राहून मनात म्हणत होते, एवढं काय लावून घ्यायचं? कॉम्प्युटर आहे की!

काल एका जुन्या पुस्तकातून तुझं एक कार्ड पडलं. मीच खूण म्हणून घातलेलं. निळी शाई, नावाखाली लाल रेघ. नेमकं तेच पत्र. 'धाकटी मदर. बाड तिसरं, पान २१२. थोरलीचं समजू नये, सही पाहावी.' तू मला आधीच बजावून ठेवलं होतंस.

आणि खरं सांगू? ते कार्ड सापडायच्या आधीही चूक माझी हे मला ठाऊक होतं. ते प्रकरण मी खोके न उघडता, आठवणीवर लिहून काढलं होतं. बाईंनी बोट ठेवलं त्या क्षणीच ते आठवलं. तरी तुझं नाव तोंडातून निघून गेलं. या वयात, ताई, विद्यार्थिनी म्हणून बोलणी खाण्याची मला लाज वाटली.

आज उठल्याबरोबर बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगितलंत का?"

खोके पाठवायचे की नाही, ते तू ठरव. नाही पाठवलेस तर मुदत वाढवून मागेन आणि अकराही जणींना एकेक करून शोधून आणीन. ते काम माझंच होतं. तू आलीस तर खिडकीकडची खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर मी अजून काही ठेवलेलं नाही.

सोबत एक कार्ड जोडते आहे. तुझ्या पद्धतीने केलंय, रेघ जरा वाकडी आली. कुठल्या खोक्यात लावायचं ते तूच बघ.

'चूक. तिसरं प्रकरण, तळटीप ४७. धाकटीची. थोरलीची समजू नये, सही पाहावी.'

तुझी,
ठमी