पाठकोरे कागद आणि अमेरिकेतला संप

बाबा, परवा माळ्यावरून तुमची पिशवी निघाली. घराला रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्याने माळा रिकामा करायला सांगितला होता. आईने धूळ झटकून ती पिशवी माझ्याकडे दिली, म्हणाली, "तुझ्याच हापिसातले कागद हायेत, बग टाकायचे का ठेवायचे." मी उघडली आणि शिडीखाली फरशीवरच बसले. रंगारी दोनदा म्हणाला, ताई, जरा बाजूला व्हा, पण मला उठताच येईना. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांनी माणूस असा धक्का देतो का हो?

ते दोन हजार सात साल होतं. मला बेलापूरला नोकरी लागून वर्ष झालं होतं. ब्रिटिश आणि अमेरिकन टीव्हीचे कार्यक्रम आमच्याकडे यायचे, आम्ही कानाला हेडफोन लावून त्यातलं बोलणं टाइप करायचो, आणि ते तिकडच्या लोकांना पडद्यावर खाली दिसायचं. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "म्हणजे गोरे बोलणार आणि तू लिहून घेणार?" मी म्हटलं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी असतं ते. त्यावर तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "मग ठीक आहे. कामाचं काम आहे." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पनवेलला उतरून घरी आले की तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून वाल सोलत असायचात आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. आज तिकडे काय झालं? जसं काही मी कचेरीत नाही, लंडनलाच जाऊन आले आहे.

आणि त्या वर्षी तिकडे खरंच काय काय होत होतं. लंडनच्या टीव्हीची अब्रू गेली ती त्याच साली. लोक स्पर्धेसाठी फोन करत राहायचे आणि विजेता आधीच ठरलेला असायचा. कुठे विजेता म्हणून फोनवर बोलणारा कार्यक्रमातलाच माणूस निघाला. लहान मुलांच्या एका कार्यक्रमात तर मांजराच्या पिल्लाचं नाव मुलांनी मतं देऊन ठरवलं, ते कार्यक्रमवाल्यांना पसंत पडलं नाही, म्हणून त्यांनी दुसरंच नाव जिंकलं असं सांगून टाकलं. मला हसू येत होतं सांगताना. तुम्ही मात्र वाल सोलायचे थांबलात. जन्मभर तुम्ही लंडनच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकल्यात. आपल्याकडे कोण मेलं हेसुद्धा लंडनने सांगितल्याशिवाय तुम्हाला खरं वाटायचं नाही. "पोरांना फसवलं? मांजरीच्या नावावरून?" तुम्ही तीनदा विचारलंत. त्या रात्री रेडिओ लावला नाहीत. आई मला म्हणाली, "कशाला सांगतेस त्यांना असलं काय. जेवले पन नाय धड." तुम्हाला खोट्याचा एवढा त्रास होतो हे मला ठाऊक होतं बाबा. पुढे जे केलं ते ठाऊक असून केलं.

नोव्हेंबरात अमेरिकेतले टीव्हीचे लेखक संपावर गेले. मी घरी येऊन सांगितलं आणि तुमचा विश्वासच बसेना. लेखकांचा संप? लेखक काय, घरी बसून लिहिणारी माणसं, ती गेटवर कशी उभी राहतील? मी म्हटलं, राहिलीत. हातात फलक घेऊन रांगेने फिरताहेत, रात्रीच्या गप्पांचे कार्यक्रम पहिल्याच दिवशी बंद पडलेत, मालिकांचे भाग संपत आलेत. तुम्ही उठून उभे राहिलात. तळोज्याची कंपनी बंद पडून चौदा वर्षं झाली होती, त्यानंतर तुमच्या तोंडावर तसला उजेड मी पाहिला नव्हता. "मागणी काय आहे त्यांची?" हा पहिला प्रश्न. "कोण आत गेलं का?" हा दुसरा.

तो दुसरा प्रश्न मला माहीत होता. तळोज्याचा तुमचा संप झाला तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही बॉयलरवर होतात, आणि शिरढोणचे काका तुमच्या जोडीला. एकाच डब्यात जेवायचात. संपाच्या तिसऱ्या महिन्यात काका संप मोडून आत कामावर गेले. पुढे कंपनीच बंद पडली, तुम्ही हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजायला लागलात. काही वर्षांनी काका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आपल्या दारात आले. तुम्ही दारातच उभं राहून पत्रिका घेतलीत. बसा म्हणाला नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होते, तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आत ने ते." काका तरीही हसून माझ्याकडे बघत होते, ऊन खूप होतं, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी तांब्या आत नेला. नंतर तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत की पाणी आपण कुत्र्यालाही देतो, पण जो साथीदारांच्या रांगेतून आत गेला त्याला या घरात पाणी नाही. मला तुमची तेव्हा भीती वाटली होती, आणि तुमचा फार अभिमानही वाटला होता.

तर अमेरिकेतल्या त्या संपाची तुम्ही वही सुरू केलीत. वही म्हणजे माझे पाठकोरे कागद. आपल्या घरात एका बाजूला छापलेला कागद टाकायचा म्हणजे पाप. मी ऑफिसातले वाया गेलेले गठ्ठे आणायची, तुम्ही त्यांना भोक पाडून सुतळीने बांधायचात आणि कोऱ्या बाजूला लिहायचात. दिवस अकरावा. दिवस बारावा. मी सांगेन ते तसंच्या तसं. जानेवारीत तिकडचा मोठा बक्षीस समारंभच झाला नाही, कारण लेखकांची रांग ओलांडून आत जायला नटनट्यांनी नकार दिला. हे सांगितलं तेव्हा तुमचा आवाज बदलला. "नटांनी? एवढ्या मोठ्या माणसांनी?" म्हणालात आणि लिहिता लिहिता मध्येच चष्मा काढलात.

आणि बाबा, तेव्हा मी आत गेलेली होते.

डिसेंबरात आमच्या टीम लीडर बाईंनी मला बोलावलं. जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या कुटुंबांचा एक अमेरिकन कार्यक्रम होता, त्याचं निवेदन लिहायला तिकडे माणूस उरला नव्हता. त्या म्हणाल्या, "तुझं इंग्लिश छान आहे, थोड्या लाइन्स करून दे ना. याला रायटिंग म्हणायचं नाही हं, पॉलिश म्हणायचं." मला कळत होतं. कळत नव्हतं असं आजवर नवऱ्याला, मैत्रिणींना, स्वतःला सांगत आले, पण मला स्वच्छ कळत होतं. मी हो म्हटलं. सहा भागांचं निवेदन लिहिलं. सकाळी ते लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तुम्हाला गेटवरच्या बातम्या द्यायच्या. तुम्ही विचारलंत, काम वाढलंय का, उशीर होतो हल्ली. मी म्हटलं, ब्रिटिश कार्यक्रम जास्त येताहेत.

फेब्रुवारीत संप मिटला. सगळं नाही, पण बरंचसं त्यांना मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाजारातून अर्धा किलो जिलेबी आणलीत आणि माझ्या हातात पुडा दिलात. "ऑफिसात वाट. तुझ्या धंद्यातली माणसं जिंकली." मी पुडा घेतला. संध्याकाळी विचारलंत, खाल्ली का सगळ्यांनी? मी म्हटलं, हो, बोटं चाटून. खोटं. पुडा माझ्या खणात तसाच राहिला, चार दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा टाकून दिला. त्याच वर्षी गणपतीच्या आधी तुम्ही गेलात. मला वाटलं, सुटले. हे लिहिताना लाज वाटते, पण रडता रडता मनाच्या एका कोपऱ्यात तेच आलं होतं, की आता यांना कधीच कळणार नाही.

आता पिशवीतलं सांगते. तुमची सुतळीची वही. दिवस पहिला ते शेवटचा, तुमच्या ठसठशीत अक्षरात. मी सहज एक पान उलटं केलं, आणि छापील बाजूला माझंच निवेदन. वर माझी आद्याक्षरं, ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे, मध्ये मध्ये माझ्याच पेनाने केलेल्या खाडाखोडी. मी किती मूर्ख, बाबा. वाया गेलेला म्हणून तोच गठ्ठा तुम्हाला आणून दिला होता. आपल्यासारख्या घरातलीच करू शकेल अशी चूक. आणि मनात म्हटलं, यांनी छापील बाजू कशाला वाचली असेल. पण कंपनीच्या नोटिसा वाचता याव्यात म्हणून बोट ठेवून इंग्रजी शिकलेला माणूस तुम्ही. त्रेसष्टाव्या दिवसाच्या पानावर मागे तुम्ही लिहिलंय, नट आत गेले नाहीत. आणि पुढच्या छापील बाजूला, माझ्या एका वाक्याखाली, तुमच्या लाल-निळ्या पेन्सिलीची रेघ. घर मोडकळीला आलं होतं, पण त्यातली माणसं एकमेकांशी भांडून थकली नव्हती, अशा अर्थाचं ते इंग्रजी वाक्य. त्याच्या शेजारी मराठीत, बारीक अक्षरात, "हे बरं लिहिलंय."

तुमच्या तोंडून "बरं" मी जन्मात दोनदा ऐकलं असेल.

मी आईला विचारलं, बाबांना माहीत होतं का गं? ती भिंतीवरच्या ओल्या रंगाकडे बघत म्हणाली, "काय ते मला नाय म्हाईत. पन त्या थंडीत एकदा शिरढोनला जाऊन आलते. त्या कंपनीतल्या जोडीदाराकडं. चाय पिऊन आलते." मी म्हटलं, शक्यच नाही. ती म्हणाली, "मी पन हेच म्हनले. मी विचारलं, इतकी वर्सं पानी नाय दिलंत, आता कसा गेलात? तर म्हनले, आता कोनत्या तोंडानं नाय म्हनू." मग आई आत गेली, तिला हे फार काही वाटलं नसावं. मी मात्र भिंतीला टेकून उभी राहिले. सगळा शर्ट पांढऱ्या रंगाने भरला तेव्हा कळलं की भिंत ओली आहे.

म्हणजे जानेवारीत तुम्ही वाचलंत. मला एका शब्दाने बोलला नाहीत. माझ्यासाठी शिरढोणला जाऊन त्या माणसाकडचा चहा प्यायलात, ज्याला आपल्या दारात तहानलेलं ठेवलं होतं. आणि महिन्याभराने मला जिलेबी दिलीत, ऑफिसात वाट म्हणालात. तो टोमणा होता की माफी, हे मला दोन दिवस विचार करूनही ठरवता येत नाही. तुम्ही टोमणे मारणारे नव्हतात. पण सहज माफ करणारेही नव्हतात. काल मी शिरढोणला जाऊन आले. काका नाहीत आता, त्यांच्या सुनेने मला पाणी दिलं आणि विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, वडिलांच्या ओळखीतली.

हे पत्र तुमच्याच वहीतल्या उरलेल्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय. लिहून झालं की परत सुतळीत ओवून ठेवणार, दुसरं जाणार कुठे. सक्तीचं होतं, नोकरीचा प्रश्न होता, असं काहीतरी लिहायला बसले होते. पण तुम्ही ज्या वाक्याखाली रेघ मारलीत, ते लिहून झाल्यावर मी जागेवर बसल्या बसल्या दोनदा वाचलं होतं आणि खूश होऊन कँटीनमध्ये एकटीच चहा प्यायला गेले होते. कुणी सक्ती केली नव्हती, बाबा. मला मजा आली होती.