मागावरची शाल

आसगाव, ३० जुलै २००१

ती. अंकुशदादास, शि. सा. न. वि. वि.

स्मारकाच्या उद्घाटनाचा फोटो पोचला. बाळंतपणामुळे येता आलं नाही, म्हणून तो उशाशीच घेऊन बसले. आपल्या कुंदनचा पुतळा छान झालाय. नाक मात्र तुझं बसवलंय!

मग उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या खांद्यावरची शाल पाहिली. कोशाच्या रेशमाची, करवती काठाची, आणि कुंदनच्या विणीत नेहमी राहायचा तसा करवतीचा एक दात गळलेला. तुझी करवत म्हातारी झाली, असं आपण कुंदनला चिडवायचो. लढाई लागली, सुट्टी अर्धवट टाकून तो निघाला, तेव्हा आईसाठीची ही शाल मागावर निम्मीच होती. मी येईपर्यंत कोणी त्यावर धोटा चालवू नका, असं बजावून गेला. तो आलाच नाही. दोन वर्षं आई त्या मागापाशी दिवा लावते. दादा, ती शाल तिथं कशी गेली? माझे डोळे चुकले असं लिही, मी मान्य करीन.

लोभ तुझं उत्तर वाचून मागेन.

तुझी मोनिका

मोहाडी, ४ ऑगस्ट २००१

चि. सौ. मोनिकास अनेक आशीर्वाद. बाळाला जप.

तुझे डोळे चुकले नाहीत. पाहुण्यांची तारीख अचानक ठरली, नवा ताणा लावायला सवड नव्हती. आई चार दिवस बाहेरगावी होती, तेव्हा उरलेली शाल मीच विणून उतरवली. कुंदनची शाल कुंदनच्याच पुतळ्यापाशी दिली, यात पाप काय? पाहुणे खूश झाले, विणकर संस्थेवर मला घेतो म्हणाले. घर मला चालवायचं आहे, हे तू आसगावात बसून विसरतेस. आईला काही कळलेलं नाही, ती स्टेजवर नुसती रडत होती. छत गळतं असं सांगून मी माग पोत्यांनी झाकलाय. तिला लिहू नकोस.

राग सोडून भावावर माया ठेव.

तुझा अंकुशदादा

मोहाडी, ९ ऑगस्ट २००१

चि. सौ. मोनीस आईचे आशीर्वाद. पत्र शेजारची मंदाबाई लिहून देऊन राहिली.

अंकुश रोज विचारते, मोनीचं पत्र आलं का. काहून विचारते, मले माहीत आहे. बाई, पाहुणा स्टेजवर माह्या पाया पडला, तेव्हा शाल माह्या मांडीवर आली. दात गळलेला काठ मी मुठीत धरला, सोडवतच नव्हता. अंकुशनंच माहे बोटं एकेक करून उचलले अन् शाल पाहुण्याच्या खांद्यावर नीट केली. लोकं म्हणत, पोरासाठी रडून राहिली.

तार आली तरी कुंदन गेला असं मले वाटलं नव्हतं. त्याचं अर्धं काम मागावर होतं ना. आता पोत्याखाली रिकामा माग आहे, अन् मी तिथंच दिवा लावते. अंकुश ते पाहते.

बाळाले पाहाले येते. न्याले जावयाले धाड. अंकुशसोबत मी येत नाही.

माया आहे तशी राहू दे.

तुझी आई, गीताबाई