पिशोरची लस

छत्रपती संभाजीनगर,
८ मे

प्रिय मेघा,

फोनवर तुझी आई शेजारीच बसलेली असते, म्हणून हे कागदावर लिहितोय. रविवारी तू दुसऱ्या बाळंतपणाला आम्हा दोघांनाही बोलावलंस आणि ती म्हणाली, मला नको बाई, यांनाच बोलव, माझं काहीतरी अडतंच. तू चिडून फोन ठेवलास. तेव्हापासून ती भाकरी थापता थापता मधेच म्हणते, पोरगी परत एकटी पडणार.

मी लई थकलोय गं. सिडकोत पाणी आठव्या दिवशी येतंय. टाकी भरली का बघायला जिना चढलो की गुडघे बोंबलतात. पण हा थकवा गुडघ्यांचा नाही, साडेचार वर्षांचा आहे.

कोरोनाचं ते एकवीस साल आठव. तू जर्मनीत, पोटुशी. आमचे दोघांचे लशीचे दोन-दोन डोस झालेले, पासपोर्ट हातात, व्हिसाचं आमचे जावई गोकुळराव बघत होते. आणि तुमच्याकडचा नियम दर पंधरवड्याला बदलायचा. आज या म्हणायचे, उद्या चाचणी करून या, परवा आल्यावर दहा दिवस कोंडून राहा. मी कन्नड तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेला, परिपत्रकं वाचून मुरलेला माणूस, पण माझ्याही डोक्याचा भुगा झाला. तुझ्या आईला मात्र कशाचंच काही नव्हतं. तिनं डिंकाचे लाडू वळून डबा भरला, बाळाला दुपटी शिवली, आणि रोज मला विचारायची, आज काय म्हणतायत ते लोक?

मग ती यादी आली. कोविशील्ड चालेल, कोवॅक्सिन नाही. मी इथं शहरात टोचून घेतली होती. तुझी आई तेव्हा आजीच्या आजारपणासाठी गावाकडं पिशोरला होती, तिनं तिथल्याच सरकारी दवाखान्यात घेतली. कोणती, ते तिला काय ठाऊक! दंड दोन दिवस ठणकला, एवढंच तिला माहीत. प्रमाणपत्रं इंग्रजीत, आणि तीही माझ्या मोबाइलमध्ये. गोकुळरावांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आईची लस यादीत नाही, आणि तिला इथं टाकून मी कसा येऊ?

तू म्हणालीस, अण्णा, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. पिशोरच्या पाहुण्यांतही लई कौतुक झालं. तुझी आई तर माझ्यापुढं चहा ठेवतानासुद्धा ओशाळलेली असायची. तिथं टोचून घ्यायची मला काय मेली घाई झाली होती, म्हणायची. जानेवारीत तुझं सिझर झालं, त्याच आठवड्यात गोकुळराव पॉझिटिव्ह निघाले, आणि तू तीन दिवस परक्या दवाखान्यात एकटी. व्हिडिओत तू इवल्या संस्कृतीला छातीशी धरून नुसती रडत होतीस. तुझी आई मोबाइलच्या काचेवरूनच तुझ्या गालावर हात फिरवत होती. ते लाडू आम्ही उन्हाळ्यापर्यंत पुरवले. मला एकही गिळवत नव्हता.

पुढं सगळ्याच लशी चालायला लागल्या, नंतर तर नियमही गेले. तुझ्या आईच्या मनातून मात्र ते गेलं नाही. विमान म्हटलं की ती अजून म्हणते, माझ्या कागदांत खोट आहे.

मेघा, कोवॅक्सिन माझी होती. तुझ्या आईची कोविशील्ड. ती त्या पहिल्याच यादीत बसत होती, अडलो होतो तो मी. त्याच वर्षी तुझे मोठे काका नानासाहेब कोरोनानं गेले आणि सख्ख्या भावाला मला खांदासुद्धा देता आला नाही. तेव्हापासून घरात एकट्यानं तासभर बसवत नव्हतं. तुझी आई भाजीला गेली तरी मी फाटकाशी उभा राहायचो. ती तीन महिने नसणार, हा विचारच मला झेपेना. हे सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. नंतर लोक कौतुक करत गेले आणि माझं तोंडच उघडेना. तुझ्या त्या तीन दिवसांचा दोषी मी आहे, ती नाही. या वेळी तिचं एकटीचं तिकीट काढ. मी राहीन इथं, भीती वाटली तरी राहीन. हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. उद्या सकाळी, आधी वाच म्हणून, तिच्याच हातात देणार आहे. पत्र तुझ्यापर्यंत पोचलं, तर समज की तिनं ते वाचलंय आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकलंय.

तोंड बघू नये वाटलं तरी तुझाच,
अण्णा